काडतुसातली दारू: कारखान्याची आणि घरी भरलेली

  

यूट्यूबवर अमेरिकन नेमबाजांचे व्हिडिओ बघणारे बरेच जण मला एक प्रश्न हमखास विचारतात. तिकडे लोक घरच्या टेबलावर काडतुसं भरतात. मग कारखान्याच्या काडतुसात असते तीच दारू डब्यात विकत मिळते का?

उत्तर आहे, बहुतेक वेळा नाही. आणि हे ‘नाही’ समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण त्यावर माणसाची बोटं आणि डोळे अवलंबून असतात.

आधी थोडी ओळख. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. ही दारू म्हणजे दिवाळीच्या फटाक्यातली काळी दारू नव्हे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. आजची दारू त्याच घराण्यातली. पिस्तुलाच्या दारूत अनेकदा नायट्रोग्लिसरीनही असतं. कुठे चपट्या पापड्या, कुठे बारीक गोळे. दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप बदलला की जळण्याचा वेग बदलतो. सगळा खेळ या वेगाचाच.

आता कारखान्याकडे वळू. मोठा कारखाना दारू टनांनी घेतो. प्रत्येक घाण्यात थोडा फरक पडतोच, जसा गुळाच्या प्रत्येक ढेपेत पडतो. कारखान्याला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे दाब मोजणारी खास नळी असते. नवा लॉट आला की काडतुसं भरायची, उडवायची, दाब आणि वेग मोजायचा आणि त्याप्रमाणे दारूचं माप कमी-जास्त करायचं. त्यामुळे खोक्यावर नाव तेच असलं, तरी या वर्षीची आतली दारू आणि तिचं माप मागच्या वर्षीचंच असेल असं नाही. भरणाऱ्या यंत्रातून दारू सरसर पडावी, अंधारात नळीच्या तोंडाशी भगभगीत ज्वाळा दिसू नये, अशाही कारखान्याच्या मागण्या असतात.

घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायची सोय नसते. म्हणून त्याच्यासाठी डब्यातली दारू वेगळी काढतात. निरनिराळे लॉट एकमेकांत मिसळून ती ठरलेल्या वेगावर आणतात, म्हणजे छापील पुस्तकातलं माप पुढच्या डब्यालाही लागू पडावं. थोडक्यात, कारखाना प्रत्येक वेळी मोजतो, तर घरी भरणारा दुसऱ्याने मोजलेल्यावर विश्वास ठेवतो.

हे मोजमाप फार बारीक आहे. ते ‘ग्रेन’मध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मा. ९ मिलिमीटर काडतुसासाठी अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे दाबाची कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये हवा असते तीस-पस्तीस पीएसआय. म्हणजे साधारण हजारपट दाब, तोही तळहाताजवळ!

म्हणूनच, कारखान्याचं काडतूस उघडून आतली दारू वजन करायची आणि तेवढीच डब्यातली भरायची, ही आयडिया घातक आहे. दोन दारू दिसायला सारख्या आणि जळायला अगदी वेगळ्या असू शकतात. शिवाय पिस्तुलाची दारू जलद जळते, थोडीच लागते. त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी कित्येकदा पुंगळीत मावते, वरून कळतसुद्धा नाही. आणि कमी पडली तर फुसका बार, गोळी नळीत अडकते. ते न बघता पुढची गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते.

मग तिकडे लोक हा खटाटोप का करतात? खर्च हे एक कारण. दुसरं म्हणजे स्पर्धा. आयपीएससी प्रकारात गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकाराची किमान अट असते. काही जण आपल्या पिस्तुलाला मानवेल असं काडतूस जुळवून त्या अटीच्या जरासं वर राहतात. कारखान्याचं काडतूस मात्र सगळ्यांच्या पिस्तुलात चालावं म्हणून बनतं.

आपल्याकडचं चित्र निराळं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात पॉइंट टू-टूचं काडतूस लागतं. त्याला वेगळी टोपीच नसते. पेटवणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोडा तो काठच चेपतो. त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरायची सोय नाही. तिथे नेमबाज दुसराच मार्ग धरतात: वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघायची आणि आपल्या पिस्तुलाला जमलेला लॉट साठवायचा.

तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ बघाल, तेव्हा भरणाऱ्याच्या हाताच्या सफाईवर भाळू नका. हे माप कोणी मोजलं आणि नेमक्या कुठल्या दारूसाठी, एवढं स्वतःला विचारा.