भुकेचे विस्मृत इंग्रजी शब्द

उपासमारीसाठी इंग्रजीत आज सर्रास वापरला जाणारा ‘स्टार्व्ह’ हा शब्द मुळात उपासमारीचा नव्हताच. इ.स. सुमारे 1100 पूर्वीच्या, म्हणजे जुन्या इंग्रजीतील ‘स्टेओर्फान’ या क्रियापदाचा अर्थ केवळ ‘मरणे’ एवढाच होता, आणि त्याचे सख्खे भावंड असलेले जर्मन ‘श्टेर्बेन’ आजही त्याच अर्थाने बोलले जाते. मरण कशाने आले हे सांगायचे तर ‘भुकेने’ असे वेगळे जोडावे लागे. पुढे मरण्यासाठी ‘डाय’ हा शब्द रूढ झाला आणि भुकेचा उल्लेख क्रियापदातच मुरून गेला. व्यापक अर्थाचा शब्द एका विशिष्ट अर्थापुरता उरण्याच्या या प्रक्रियेला अर्थसंकोच म्हणतात. उत्तर इंग्लंडच्या बोलींत मात्र त्याच शब्दाला थंडीने गारठण्याचा अर्थ चिकटला.

विद्वानांनी ‘भुकेला’ या अर्थाने लॅटिनमधून उचललेल्या शब्दांपैकी ‘फॅमेलिक’ केव्हाच लोपला, तर ‘इस्युरियन्ट’ क्वचित ग्रंथांत भेटतो. या दुसऱ्याच्या मुळाशी ‘खाणे’ या धातूचे इच्छार्थक रूप, म्हणजे ती क्रिया करण्याची इच्छा दाखवणारे रूप आहे. संस्कृतातील ‘भुज्’ धातूपासून ‘बुभुक्षा’ याच रीतीने बनते, आणि मराठीतील ‘भूक’ ही त्या बुभुक्षेचीच प्राकृतातून झिजत आलेली लेक आहे. लॅटिन आणि संस्कृत या इतक्या दूरच्या दोन भाषांनी भुकेकडे सारख्याच नजरेने पाहावे, ही गोष्ट खरोखर विलक्षण आहे.

तथापि सर्वांत बोलका शब्द वायव्य इंग्लंडमधील लँकेशर-चेशरच्या कष्टकऱ्यांचा आहे. ‘क्लेम’ म्हणजे उपासमार होणे, आणि त्याचे मूळ चिमटणे, आवळणे या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे. दारात बोट चेमटले की जर्मन माणूस आजही ‘क्लेमेन’ हेच क्रियापद वापरतो. रिकामे पोट आतून आवळले जाते, हा प्रत्यक्ष देहाचा अनुभव या शब्दात जसाच्या तसा उतरला आहे, आणि मराठीत पोट खपाटीला जाते ते याच अनुभवाने. एलिझाबेथ गॅस्केल यांनी 1848 च्या ‘मेरी बार्टन’ या मँचेस्टरच्या कामगारजीवनावरील कादंबरीत हा शब्द गिरणी कामगारांच्या तोंडी ठेवला, आणि त्यांचे पती विल्यम गॅस्केल यांनी लँकेशरच्या बोलीवर दिलेली दोन व्याख्याने 1854 मध्ये छापली गेली. कोशांनी ‘क्लेम’वर बोलीभाषेचा शिक्का मारून त्याला कोपऱ्यात बसवले असले, तरी भुकेचे यापेक्षा नेमके नाव प्रमाण इंग्रजीला सापडलेले नाही.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस अडला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्या बंद पडून हजारो कुटुंबांवर ‘क्लेम’ होण्याची पाळी आली. त्याच काळात अमेरिकी कापसाची जागा भारतीय कापसाने भरावी लागल्याने मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव चढत गेला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळला.