काउंटीचा तुरुंग आणि यादीतले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या मंगल दिवशी तुरुंगाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटले असेल. परंतु आज ह्या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणींचा मुलगा, भाची नाहीतर नातू अमेरिकेत आहे. तो शहरात राहतो खरा, पण सुटीत मोटार घेऊन शेकडो मैल जातो आणि वाटेत शेतांच्या मुलखातल्या लहान लहान काउंट्या लागतात. तिथे कोणी त्याला अडविले आणि अटक केली, तर इकडे आईला कळते ते अपरात्री आणि तेही अर्धेमुर्धे. पुष्कळ वर्षे तिकडे काढल्यामुळे मला ही व्यवस्था जवळून पाहावयास मिळाली. म्हणून आज चार उपयोगाच्या गोष्टी सांगते.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. अमेरिकेत असे तीन हजारांहून अधिक विभाग आहेत. एकट्या टेक्सस राज्यात २५४ काउंट्या आहेत आणि त्यांतल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या शिरगणतीत अवघी ६४ माणसे भरली! मुंबईत शेरीफ म्हणजे नगरपाल, केवळ मानाचे पद. तिकडचा शेरीफ मात्र बहुतेक राज्यांत लोकांनी मते देऊन निवडलेला पोलिसप्रमुख असतो आणि काउंटीचा तुरुंगही बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. केंटकी राज्यात तर तुरुंगाचा अधिकारीदेखील निवडणुकीने येतो.

तुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येरवडा उभा राहतो. शिक्षा झालेले कैदी तिकडेही राज्याच्या मोठ्या तुरुंगात जातात. काउंटीच्या तुरुंगात असतात ते मुख्यतः कच्चे कैदी, आणि त्यांच्याबरोबर बहुधा वर्षाच्या आतली शिक्षा झालेले लोक. २०२२ च्या मध्यास अशा स्थानिक तुरुंगांत सुमारे ६ लाख ६३ हजार माणसे होती आणि त्यांतल्या दर दहांपैकी सातजणांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. ही एक गोष्ट आज आपण पदराला गाठ मारून ठेवावी. यादीत नाव आहे एवढ्यावरून माणूस अपराधी ठरत नाही.

आता ही यादी कशी पाहावी? अटक झालेल्या माणसाला तुरुंगात आणले की त्याचे नाव, छायाचित्र, बोटांचे ठसे आणि जवळच्या चीजवस्तू ह्यांची नोंद होते. पुष्कळ काउंट्यांचे शेरीफ ही कैद्यांची यादी संगणकावर सर्वांना पाहता येईल अशी ठेवतात. तीत नोंदीचा क्रमांक, अटकेची तारीख, आरोप आणि जामिनाची रक्कम असते. ती पाहावयास पैसे पडत नाहीत. कोणी पैसे मागू लागले तर ते शेरीफचे पान नव्हे, असे समजावे. नाव यादीवर यायला कित्येक तास लागतात, तेव्हा पहिल्या तासात नाव दिसले नाही म्हणून घाबरू नये. लहान काउंटीत अशी यादी नसेल, तर सरळ तुरुंगात फोन करून विचारावे.

आपल्या नावांची तिकडे फार ओढाताण होते. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लागते, कधी तेच आडनाव होऊन बसते. पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोरा असला, तर नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’ अशी अक्षरे पडतात. पहिले नाव माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे घालून शोधावे आणि जन्मतारीख जवळ ठेवावी.

तेवढ्याने भागले नाही तर शेजारच्या काउंटीत पाहावे. काही लहान काउंट्यांना स्वतःचा तुरुंगच नसतो, त्या आपले कैदी शेजाऱ्याकडे ठेवतात. उलट काही ग्रामीण तुरुंग दिवसाच्या भाड्याने बाहेरचे कैदी घेतात. केंद्र सरकारचे आणि परदेशी नागरिकांची चौकशी करणाऱ्या खात्याचे कैदीही त्यांत असतात. त्या खात्याचा शोध वेगळा आहे. तिथे नावाबरोबर जन्माचा देश सांगावा लागतो आणि नाव अक्षर न् अक्षर जुळावे लागते.

ह्या शोधाचा आणखी एक उपयोग. ‘तुमचा नातू तुरुंगात आहे, ताबडतोब पैसे पाठवा, कोणाला सांगू नका,’ असे खोटे फोन करून वडीलधाऱ्यांना लुबाडणारे लोक आहेत. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, शेरीफच्या कचेरीचा क्रमांक आपण स्वतः शोधावा आणि तिथे विचारावे. खरे असेल तर तिथे नोंद असेल.

आता जामिनाकडे वळते. रोख रक्कम भरता आली नाही तर बहुतेक राज्यांत जामिनाचा धंदा करणारे दलाल रकमेच्या साधारण दहा टक्के घेऊन हमी देतात. तो दशांश परत मिळत नाही. केंटकीने १९७६ साली हा धंदा बंद केला आणि इलिनॉयने २०२३ च्या सप्टेंबरात पैशाचा जामीनच काढून टाकला. पण इतरत्र पैसा नाही म्हणून माणसे आत पडून असतात. सँड्रा ब्लँड ह्या अठ्ठावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईला १० जुलै २०१५ रोजी टेक्ससच्या वॉलर काउंटीत मोटारीचा इशारा न दिल्यावरून अडविले, बोलाचाली झाली आणि अटक झाली. जामीन होता ५,००० डॉलर, म्हणजे सुटायला सुमारे ५०० डॉलर हवे होते. तिसऱ्या दिवशी, १३ जुलैला, ती कोठडीत मृत आढळली. पुढे २०१७ साली टेक्ससने तिच्या नावाने कायदा केला. तुरुंगातील मृत्यूची चौकशी बाहेरच्या यंत्रणेने करावी, असे त्यात आहे. भगिनींनो, ह्या तुरुंगात पहिले तीन दिवस किती मोलाचे, हे ह्यावरून दिसेल.

त्या दिवसांत काय करावे? वॉरंटाशिवाय अटक झाली असेल, तर साधारणपणे ४८ तासांच्या आत न्यायाधिकाऱ्याने अटकेचे कारण तपासावे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरविले आहे. गरिबाला गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हा निकाल १९६३ चा. तेव्हा मुलाने पहिल्याच बोलण्यात वकील मागावा. तुरुंगातले फोन ध्वनिमुद्रित होतात, म्हणून ‘काय झाले ते सगळे सांग’ असे आईने फोनवर विचारू नये. कुठे आहेस, प्रकृती कशी आहे, औषध मिळते का, जामीन किती, तारीख कधी, एवढेच विचारावे.

दुसरी गोष्ट भारतीय वकिलातीची. १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये परदेशी माणसाला अटक झाली, तर त्याच्या वकिलातीला कळविण्याचा हक्क त्याला आहे. भारतीयांच्या बाबतीत ही खबर आपोआप जात नाही, ती त्याने मागावी लागते. घरच्या माणसांनीही वकिलातीला कळवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्रामीण काउंटीत न्यायाधीश आठवड्यातून थोडेच दिवस बसतात, वकील लांबून येतात. मग ‘कबूल करून टाक, आजच सुटशील,’ असा मोह होतो. परंतु परदेशी नागरिकाने गुन्हा कबूल केला, तर त्याला देश सोडावा लागू शकतो. वकिलाने हा परिणाम आधी सांगितला पाहिजे, असे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ते विचारल्यावाचून कबुली देऊ नये.

ही यादी बायकांच्या रक्षणालाही उपयोगी पडते, हे सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. केंटकीतील लुईव्हिल येथे मेरी बायरन ह्या मुलीला तिच्या पूर्वीच्या मित्राने ६ डिसेंबर १९९३ रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, गोळ्या घालून मारले. तिच्याच छळाबद्दल तो तुरुंगात होता. तो जामिनावर सुटला आणि तिला वा घरच्यांना कोणी कळविले नाही. त्यातून १९९४ साली तिथे ‘व्हाइन’ नावाची योजना सुरू झाली. आरोपी सुटला की नाव नोंदविलेल्या माणसाला आपोआप खबर जाते. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ती चालते. सासरच्या वा नवऱ्याच्या छळाला कंटाळून तिकडे तक्रार केलेल्या आपल्या लेकीबाळींनी तीत नाव अवश्य नोंदवावे.

शेवटी एक विनंती. ही यादी कोणालाही दिसते, म्हणून ती करमणुकीसाठीही पाहिली जाते. अटकेच्या दिवशीचे छायाचित्र घरोघर फिरते. पुढे माणूस निर्दोष सुटतो, ती बातमी मात्र फिरत नाही. एखाद्या मैत्रिणीच्या मुलाचे नाव तिथे दिसले, तर हळदीकुंकवाला त्याची कुजबुज करू नका. तिच्या घरी जा, फोनापाशी बसा, वकिलाचा पत्ता शोधायला हात लावा. मंडळ म्हणून एवढे आपण केले तरी पुष्कळ झाले.