म्हाताऱ्यांची जबानी

(परभणीत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



मी विद्वान नाही. दहावी पास आणि पुढं गोदी. मुंबई बंदरात ठेक्यावर माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. आज मला देशाच्या राजकारणावर बोला असं सांगितलंय. पण या विषयावर पहिला हक्क कुणाचा? ज्यानं हा देश सर्वात जास्त वर्षं अंगावर झेलला त्याचा. म्हणजे आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा. म्हणून मी त्यांच्यावर बोलणार आहे.

रिटायर मंत्री पुस्तक लिहितो. रिटायर कलेक्टर लिहितो, संपादक लिहितो. मी पाहिलेला देश, मी जगलेलं राजकारण. प्रकाशन होतं, शाल-नारळ होतो, पेपरात फोटो येतो. त्यांच्या आठवणीला इतिहास म्हणतात. आपला म्हातारा समाजमंदिराच्या ओट्यावर बसून तेच सांगतो, तर पोरं म्हणतात, झाली याची बडबड सुरू. एकाचा इतिहास आणि दुसऱ्याची बडबड, हा निवाडा केला कुणी? आणि आपण तो गुमान मानला कसा?

तारखाच घ्या. शाळेत आपल्याला शिकवलं, १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. परभणीत त्या दिवशी काय होतं? निजामाचं राज्य. भारताचं सैन्य १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात घुसलं आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा पोचलं. तेही कसं पोचलं? रझाकारांनी गावं जाळली होती, हे सगळे सांगतात. पण कारवाईनंतर मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीनं पाठवली, तिनं सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही, हे कोण सांगतं? माणसांनी साक्ष दिली होती. ती कपाटात गेली. साक्ष देणारे मसणात गेले. तेव्हा वाचलेलं ओट्यावर बसून सांगणारा माणूस आज नव्वदीकडं झुकलाय. असा कितीजणांच्या गल्लीत उरलाय?

आता वस्तीचं कॅलेंडर बघा. १९५६ साल. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला आणि दिला. १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्रेपन्न दिवसांत तीन गोष्टी. सरकारी इतिहासाला यातली मधली मोठी वाटते, कारण तेव्हा नकाशा बदलला. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, मधली तारीख कुणाच्या लक्षातही नाही. त्यांना आठवतं की कोणत्या महिन्यापासून घरातल्या माणसानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, आणि मग गावानं किराणा कसा बंद केला. राष्ट्राचा नकाशा आणि माणसाचा खांदा या दोन निराळ्या जागा आहेत. ओझं कुठं होतं ते खांदाच सांगू शकतो.

माझी आजी सेलू तालुक्यातली. आज ऐंशीच्या पुढं आहे. तिला मी विचारलं, आजी, अमेरिका ठाऊक आहे का? म्हणाली, "अमेरिका म्हंजे मिलो, लेकरा. लाल जोंधळा. भाकर थापायला जावं तर तुटायची." बाहत्तरच्या दुष्काळात जहाजानं आलेला तो मिलो. तिनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो शिजवला. रोजगार हमी याच दुष्काळातून उभी राहिली, तिचा कायदा १९७७ ला झाला, आणि पुढं २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा दिल्लीनं केला. दिल्लीच्या पुस्तकात ही एक योजना आहे. पण तिच्या मुळाशी माझ्या आजीच्या हातावरचे घट्टे आहेत. तिच्याकडं परराष्ट्र धोरणही आहे आणि अर्थशास्त्रही आहे. फक्त तिला कुणी ते विचारलेलं नाही.

आता एक कडू गोष्ट बोलतो, राग मानू नका. त्याच १९७२ सालच्या मे महिन्यात याच परभणी जिल्ह्यात, ब्राह्मणगावात, दलित बायांची विटंबना झाली. मुंबईत पोरं पेटली. दलित पँथर उभी राहण्यामागं ज्या घटना होत्या त्यातली ही एक. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधने'त राजा ढालेंनी दंडाचा हिशेब मांडला, झेंड्याच्या अपमानाला तीनशे आणि दलित बाईच्या विटंबनेला पन्नास, आणि महाराष्ट्र हादरला. तो लेख आपल्याला ठाऊक आहे, त्यावरचा वाद ठाऊक आहे. पण त्या बायांचं स्वतःचं बोलणं तुम्ही कुठं वाचलंय? मी शोधलं, मला नाही सापडलं. आपण त्यांच्या नावानं घोषणा दिल्या, कविता लिहिल्या, पन्नास वर्षं भाषणं ठोकली. त्यांच्यासमोर वही घेऊन किती जण बसले? सवर्णांनी आपला आवाज दाबला हे खरं. पण आपल्याच घरातला बाईचा आवाज कुणी दाबला? त्याचं उत्तर दिल्लीकडं मागता येणार नाही.

गोदीत एक नियम असतो. जहाजातून उतरलेली प्रत्येक स्लिंग टॅलीत मांडायची. टॅलीत नाही तो माल आलाच नाही, मग तो तुमच्या डोळ्यासमोर शेडमध्ये पडलेला असला तरी. माणसाचंही तसंच. माझ्याबरोबरच्या एकाचं बोट विंचच्या वायरीत गेलं. ठेकेदाराच्या रजिस्टरात त्याचं नावच नव्हतं. म्हणजे तो त्या दिवशी कामावर नव्हता, म्हणजे बोट गेलंच नाही. बोट नसलेला हात समोर दाखवतोय, तरी गेलंच नाही. या देशात आपली टॅली अशीच मांडली गेली आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पाटीवर चार अक्षरं लिहायला साडेपंधरा वर्षं आणि इतके जीव. शहिदांची नावं आपण घेतो, घेतलीच पाहिजेत. पण जे जळालं नाहीत, जे रात्री पोरं काखेत मारून रेल्वेच्या रुळारुळानं चालत गेले आणि पुन्हा गावात आले नाहीत, त्यांची यादी कुठं आहे? ती म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि दर पावसाळ्यात त्यातली चार डोकी कमी होतायत.

आता कालपरवाचं बोलू. १० डिसेंबर २०२४. परभणीत रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ, संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. ११ ला बंद, मग पोलिसांची धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजाचा, पस्तीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. शवविच्छेदनानं सांगितलं की अनेक जखमांच्या धक्क्यानं. विधानसभेत सांगितलं गेलं की त्याला श्वसनाचा विकार होता. सोमनाथच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी चळवळीतले जुने नेते विजय वाकोडे हृदयविकारानं गेले. त्यांच्याबरोबर परभणीच्या चळवळीचं किती काय गेलं, हे मोजायला आपल्याकडं वही आहे का? तुम्हीच सांगा.

पण सोमनाथची आई बघा. पोरगा पस्तीसचा, म्हणजे माउली काही तरुण नाही. सरकारनं दहा लाख देऊ केले, तिनं घेतले नाहीत. ती कोर्टात गेली. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथंही आदेश कायम राहिला. विधानसभेतला मजकूर एकीकडं आणि एका आईची जबानी एकीकडं. ती जर म्हणाली असती, जाऊ द्या, नशिबाचा भोग, तर सोमनाथचा मृत्यू श्वसनाच्या विकारात जमा झाला असता. जबानी म्हणजे काय, तर हे. माणूस मेल्यावर त्याला टॅलीत मांडायचं काम.

आता जरा अमेरिकेत जाऊ, मिलोवाल्या अमेरिकेत. तिथं १८६५ ला गुलामगिरी कायद्यानं संपली. सत्तर वर्षांनी, मंदीच्या काळात, १९३६ ते १९३८ मध्ये तिथल्या सरकारनं बेकार लेखकांना कामावर लावलं आणि जे जन्मानं गुलाम होते त्यांच्या जबान्या घेतल्या. तेव्हा ती माणसं ऐंशी-नव्वदीची. तेवीसशेच्या वर जबान्या झाल्या. आज गुलामगिरीबद्दल कुणी खोटं बोलायला लागलं तर ते म्हातारे थडग्यातून उठून साक्ष देतात.

पण त्यात एक मेख आहे. विचारायला गेलेले बहुतेक गोरे होते. चार्ल्सटन शहरात सुसान हॅमलिन नावाच्या एकाच म्हातारीला दोन निराळी माणसं भेटली. गोऱ्या बाईला ती म्हणाली, मालक चांगला होता. काळ्या माणसाला तिनं चाबकाचं सांगितलं, पोटची पोरं विकली जायची ते सांगितलं. म्हातारी खोटारडी होती का? नाही. ती हुशार होती. समोर कोण बसलंय ते बघून बोलली. बऱ्याच जणांना तर वाटलं, सरकारी माणूस आलाय, पेन्शन मिळेल. आपल्याकडंही वही घेऊन जा, आजी पहिला प्रश्न विचारते, "कशाची चौकशी रे बाबा, श्रावणबाळची का?" हसू नका. राज्यानं आजवर तिला फक्त पात्र-अपात्र ठरवायलाच विचारलंय.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिकडच्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं जे निवेदन दिलं त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. आपला माणूस जगाच्या दारात जायचा विचार करत होता, तो हातात कागद घेऊन. रडगाणं घेऊन नव्हे. हे लक्षात ठेवा.

तर करायचं काय? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. रील बनवता ना? मग आपापल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडं जा. आधी बायांकडं जा. "बाबासाहेबांबद्दल काय वाटतं" असलं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. विचारा: पाणी कुठून भरायचात? मजुरी किती, पैशात की धान्यात? गायरान कधी कसलं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं? ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखांवर माणसं तुरुंगात गेली, तुमच्या घरातलं कोण गेलं? घर जाळायला आलेल्यांत ओळखीचं कोण होतं? साल आठवलं नाही तर दुष्काळ धरा, लग्न धरा, पोराचा जन्म धरा.

आणि दुरुस्त करू नका. एखादा म्हणेल इंदिराबाईंच्या राज्यात बरं होतं, जमीन मिळाली. एखादी म्हणेल निजामाच्या काळात पोट भरायचं. एखादा आपल्याच पुढाऱ्यांना आईबहिणीवरून शिव्या देईल. ते सगळं लिहा. ते चळवळीच्या सोयीचं नसलं तरी लिहा. म्हाताऱ्याला देवही करू नका आणि अडगळही करू नका. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला उलटतपासणीचा मान द्यायचा असतो, हाराचा नव्हे.

पोलीस तपासात जबाब घेतात, त्यावर जबाब देणाऱ्याची सही घेत नाहीत. कायदाच तसा आहे. आपण उलटं करू. लिहिलेलं त्याला वाचून दाखवू, तो म्हणेल ते खोडू, मग त्याची सही किंवा अंगठा. नाव नको म्हणाला तर नाव नाही. तीन प्रती. एक त्याच्या घरी, एक विहारात, एक आपल्या अंकाकडं. मोबाईल पाण्यात पडतो, कागद निदान वाळवता येतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला रस्त्यावर उतरायचंय आणि हा वही घ्या म्हणतो. रस्त्यावर उतरा. मीही आहे. पण रस्त्यावरून परत आल्यावर सरकार लिहितं, पोलीस लिहितो, पेपरवाला लिहितो. आपणच तेवढे लिहीत नाही. मग दहा वर्षांनी आपल्याच पोरांना आपली गोष्ट त्यांच्या रजिस्टरातून वाचावी लागते, आणि त्यात आपण एकतर जमाव असतो नाहीतर आजारी.

म्हातारे थांबायचे नाहीत. उद्या सकाळी जा.

जयभीम.