तातडीचं आणि महत्त्वाचं



आमच्या कामात बगना पी-वन, पी-टू असा क्रम देतात. सगळेच पी-वन झाले की क्रमाला अर्थ उरत नाही. तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्येच एका भाषणात सांगितला होता.

मी पाडव्याला वर्षाची तीनच कामं लिहिते. (पहाटे उठणं त्यात नाही, बाईंनी हसू नये!) यंदाचं पहिलं काम म्हणजे आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करणं. तिला आता शब्द आठवेनासे झालेत. या कामासाठी कुणाची मेल येत नाही, शेवटची तारीखही कुणी कळवत नाही. म्हणून रविवारी १० ते ११ ऑफिसचा फोन बंद. आतापर्यंत २२ ओव्या झाल्या. तेविसावी अर्ध्यावर अडली आहे. कुणाच्या आईला ओव्या येत असतील, तर जेवणानंतर मला जरूर भेटा.