आधी ऐकावं, मग बोलावं



हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, पहिला धडा बोलण्याचा नसतो. सेट लावला की आधी ऐकायचं. तिथे कुणाचं बोलणं चाललेलं नाही ना, याची खात्री करायची आणि मगच ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक घालायची. कुणीही ऐकत असाल तर ओ द्या, एवढाच तिचा अर्थ. या सवयीवर एका माणसाचं आयुष्य कसं उभं राहिलं, ते आज सांगतो.

जोसेफ टेलर, जन्म १९४१. न्यू जर्सीतल्या शेतावरच्या घरात वाढलेला मुलगा. तो आणि त्याचा भाऊ हॅल तिमजली घराच्या छपरावर फिरत्या अँटेना चढवत. एकदा अशाच एका अँटेनापायी विटांचं धुराडं छपराच्या अगदी बरोबरीने छाटलं गेलं! आईवडील हवालदिल झाले, पण पोराचा नाद सुटला नाही. कॉलेजात त्याने रेडिओ दुर्बीणच बांधली.

पुढे १९७४ मध्ये टेलर आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांना पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या दुर्बिणीतून एक पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारा तारा, सापडला. स्वतःभोवती सेकंदाला सतरा गिरक्या घेणारा आणि जोडीदार ताऱ्याबरोबर पावणेआठ तासांत एक फेरी पुरी करणारा. वर्षानुवर्षं त्याचे ठोके मोजल्यावर ती फेरी कणाकणाने आखडताना दिसली. गुरुत्वीय लहरी ऊर्जा घेऊन जात होत्या, आइनस्टाइनच्या हिशेबाप्रमाणेच. १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं.

नोबेलनंतर माणूस सत्कारांत रमतो. टेलर पुन्हा हॅमच्या टेबलाशी आले. हॅम मंडळींना चंद्रावर संदेश आपटवून तो परत ऐकायचा भारी षौक. अडीच सेकंदांनी येणारा तो प्रतिध्वनी इतका क्षीण, की कानाला नुसती खरखर. अंगणभर अँटेना असेल त्यानेच या वाटेला जावं, अशी परिस्थिती. पण खरखरीतून ठोका वेचणं हाच तर टेलरांचा धंदा! त्यांची युक्ती अशी: संदेश मोजक्या अक्षरांचा, घड्याळ लावून सुटणारा आणि वाटेत काही अक्षरं गळाली तरी जुळवता येईल असा गुंफलेला. २००१ पासून त्यांनी अशी सॉफ्टवेअर लिहिली. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासह काढलेल्या ‘एफटी८’ या पद्धतीत तर पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. त्यामुळे गच्चीवरची साधी तार आणि थोडेसे वॅट एवढ्यावरही माणूस समुद्रापार पोचतो.

छंदाने शास्त्रज्ञ घडवला आणि शास्त्रज्ञाने छंदाचं ऋण असं फेडलं.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या असेच पल्सार ऐकत असतात. तिथे गेलात की आधी मोबाइल बंद करायला सांगतात. राग मानू नका. हॅमचा तोच पहिला धडा आहे.