मुंबई पाहिली, ती एका दिवसाची
(कोन, तालुका भिवंडी येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रिकेवर विषय लिहिला आहे, 'मुंबईवर जायचे की नाही?' गेला तासभर त्यावर चर्चा चालू आहे. आपल्या भिवंडी तालुक्यातल्या माणसाला मुंबईचे काही अप्रूप नाही. इथून पूल ओलांडला की दुर्गाडी, पुढे कल्याण स्टेशन आणि तिथून तासा-सव्वा तासात बोरीबंदर. पण मागे बसलेल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या बायांपैकी कितीजणींनी मुंबई पाहिली आहे? हात वर करा बघू. पाहा, दहासुद्धा नाहीत. म्हणून आज आम्ही अशा हजारो माणसांबद्दल बोलणार आहोत, ज्यांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती मोर्चात, पायी आणि तीही रात्रीच्या अंधारात.

मार्च 2018 ची गोष्ट. 6 तारखेला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी शेतकरी. अंतर एकशेऐंशी किलोमीटर. कसारा घाट उतरून, शहापूर ओलांडून ते आपल्या तालुक्यात आले. तीस हजार होते की पन्नास हजार, यावर कुणाचे एकमत नाही. मोजणारा तसा आकडा. तो मोर्चा आपल्या संघटनेचा नव्हता. त्यांचा झेंडा वेगळा, आपला बिल्ला वेगळा. हमीभाव सरकारने द्यावा की सरकारने बाजारातून हात काढून घ्यावा, यावर त्यांचे-आमचे भांडण जुने आहे आणि ते आज मिटवायचे कारण नाही. पण चालणाऱ्याच्या पायाला आलेला फोड कोणत्या पक्षाचा, हे विचारायचे नसते. आम्ही काहीजण पाण्याचे पिंप घेऊन राजणोलीच्या रस्त्याला उभे होतो.

एक म्हातारी पाणी प्यायला थांबली. हातात चप्पल, कारण पट्टा तुटलेला. तिने विचारले, "मुंबई अजून किती लांब?" आम्ही म्हटले, "मावशी, सुरू झालीच म्हणा." तिने दोन्ही अंगांच्या गोदामांकडे पाहिले. पत्र्याचे लांबच लांब गाळे, ना खिडकी ना ओटा. म्हणाली, "एवढ्या घरांत राहतं कोण?" आम्ही म्हटले, "माणसं नाही राहत मावशी, माल राहतो." ती हसली आणि पुढे चालू लागली.

त्या गोदामांच्या खाली भाताची खाचरे होती, हे तिला कोण सांगणार? कोनच्या जुन्या माणसांना ते ठाऊक आहे. ठाणे जिल्ह्याचा पेंढा आणि गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा भाताच्या खाचरात पाणी किती इंच उभे ठेवायचे ते शिकलो. त्या खाचरावर भराव टाकून गोदाम उभे राहिले तर त्याचा हिशेब कसा मांडायचा, ते कुणी शिकवले नाही. हे जाता जाता सांगितले.

11 मार्चला रविवार होता. मोर्चा ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने शीवला पोचला आणि सोमय्या मैदानावर टेकला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी एवढी माणसे रस्त्यावर आली तर पोरे परीक्षेला कशी पोचणार? म्हणून सहा दिवस चाललेली ती माणसे जेमतेम पाठ टेकून मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि अंधारातच दादर, परळ, भायखळा करीत उजाडायच्या सुमारास आझाद मैदानावर जाऊन बसली.

विचार करा. जन्मात पहिल्यांदा मुंबई पाहायची आणि तीही अशी: दुकानांची दारे बंद, सिग्नलचे दिवे नुसते लुकलुकताहेत आणि फूटपाथवर आपल्यासारखीच माणसे पांघरूण घेऊन झोपलेली. ज्या मुंबईच्या गोष्टी गावात सांगतात ती दिसलीच नाही. दिसली ती कष्टकऱ्याची मुंबई. आणि या मुंबईने, खरे सांगितले पाहिजे, त्यांना परके मानले नाही. लोक रात्री घराबाहेर आले. पाणी, बिस्किटे, केळी, कुणी जुन्या-नव्या चपला आणल्या. डबेवाल्यांनी जेवण पोचवले. हिंदू, मुसलमान, शीख, सगळे आले. शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी फाळणी मांडली, ती आम्ही मानतो. त्या रात्री इंडियातली काही माणसे भारताला पाणी पाजायला रस्त्यावर आली, हेही आम्ही मानतो.

पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय छापून आले? रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो आणि शिस्तीचे कौतुक. शेतकरी किती गुणी, पोरांच्या परीक्षेसाठी रात्री चालला. कौतुक खोटे नव्हते. मात्र पायांचा फोटो जेवढ्या लोकांनी पाहिला, त्याच्या शंभराव्या हिश्श्याने तरी पायाखालच्या जमिनीचा प्रश्न विचारला का?

प्रश्न काय होता? वनहक्काचा कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला, प्रत्यक्ष कसतो तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन त्याच्या हक्काची. वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षे पडून. मंजूर झाला तरी कसतो एकरात आणि दाखला मिळतो गुंठ्यात, ही मोर्चातली मोठी तक्रार होती. आता शेतीशास्त्राच्या बाजूने पाहा. उतारावरची जमीन, पीक नागली, वरई, खुरासणी. बांध घातला नाही तर दरवर्षी माती वाहून जाणार. पण जमीन आपली ठरेल की नाही हे माहीत नसताना बांध कोण घालील? आंब्याचे कलम कोण लावील? सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून सावकार. उत्पादन का वाढत नाही यावर परिसंवाद भरतात, आम्हीही त्यांत बसलो आहोत. याचे उत्तर बियाण्याच्या पिशवीत नाही, तलाठ्याच्या दप्तरात आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नार-पारचे पाणी गुजरातेत नेऊ नका, ही त्यांची मागणी होती. आणि ज्या मुंबईने त्यांना बाटलीतले पाणी पाजले तिचे पाणी येते कुठून? तानसा 1892 पासून, मोडकसागर 1957 पासून, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी सोडले तर सगळे धरणपाणी ठाणे, पालघर आणि नाशिकच्या डोंगरांतले. अप्पर वैतरणा तर नाशिक जिल्ह्यातच आहे. दिवसाला साधारण 385 कोटी लिटर. भातसाचे पाणी उचलते ते पिसे आणि शुद्ध होते ते पांजरापूर, दोन्ही आपल्याच तालुक्यात. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्याच्या शेजारून मुंबईची नळवाहिनी जाते. तेव्हा मुंबईत आपण पाहुणे म्हणून जात नाही एवढे ध्यानात ठेवा.

12 मार्चला दुपारी विधानभवनात बोलणी झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. बहुतेक मागण्या मान्य, लेखी आश्वासन, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालात काढू. आझाद मैदानावर मंत्री आले, टाळ्या झाल्या, आणि रात्री रेल्वेने भुसावळच्या बाजूला विशेष गाड्या सोडल्या. संपली मुंबईची भेट. मैदानापासून मंत्रालय दोन किलोमीटरच्या आत आहे, पण मोर्चाला तिथवर जाता येत नाही. ज्या इमारतीसाठी एकशेऐंशी किलोमीटर चालून यायचे, तिचा दरवाजासुद्धा न पाहता परत जायचे. समुद्रही तसाच राहिला असेल पुष्कळांचा.

आणि ते सहा महिने? फेब्रुवारी 2019 मध्ये तेच लोक पुन्हा नाशिकहून निघाले. पुन्हा लेखी आश्वासन, पुन्हा माघारी. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाले. त्या वेळी कांद्याचे भाव पडले होते, तो प्रश्न होताच; पण वनजमीन यादीत होतीच. या खेपेला सरकारने मुंबईपर्यंत येऊ दिले नाही. बोलणी झाली, मोर्चा वाशिंदहूनच परतला. वाशिंदच्या मुक्कामात एक शेतकरी दगावला. कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये सानुग्रह जाहीर झाले.

याचा अर्थ आम्ही असा घेतो: 2018 ला मुंबईने शेतकऱ्याला पाहिले, तेव्हा सरकारला घाम फुटला. 2023 ला मुंबईने त्याला पाहू नये याची काळजी घेतली गेली. म्हणून 'मुंबईवर जायचे की नाही' याचे आमचे उत्तर 'जायचे' असेच आहे. फक्त फोडांचा फोटो देऊन परत यायचे नाही. मैदानावर पाणी द्यायला जो येईल, त्या प्रत्येकाच्या हातात एक कागद गेला पाहिजे: तुमचे पाणी कुठून येते, त्या धरणाच्या वर किती दावे पडून आहेत, कोणत्या सालापासून.

तो कागद आज आपल्याजवळ नाही. तो गावागावातून यायचा आहे. म्हणून मागच्या बाकांवरच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे की जेवणानंतर उठून जाऊ नका. प्रत्येक पाड्यासाठी एक कोरा तक्ता तयार केला आहे: दावेदाराचे नाव, कसतो ती जमीन, मंजूर जमीन, दावा दाखल केल्याची तारीख, पावती आहे की नाही. पावती नसेल तर त्या रकान्यात 'नाही' असे स्पष्ट लिहायचे, रिकामा सोडायचा नाही. शहापूर आणि मुरबाडचे तक्ते पुढच्या बैठकीच्या आधी आले पाहिजेत. भिवंडीवाल्यांनी भरावाखाली गेलेल्या खाचरांचा वेगळा तक्ता करायचा आहे, तो आमच्याकडून घेऊन जा.