माझ्याविषयी काही फालतू गोष्टी



काल रात्री जेवणं झाल्यावर शिबिरात खेळ झाला. प्रत्येकानं स्वतःबद्दलची अशी एक गोष्ट सांगायची, जी इथं कुणालाच ठाऊक नाही. एकजण म्हणाला, मी पालीला घाबरतो. एक ताई म्हणाली, मला झोपेत गाणी म्हणायची सवय आहे. हसून हसून पोटं दुखली. माझी पाळी आली आणि मी लघवीच्या निमित्तानं उठलो तो सगळे झोपेपर्यंत परत आलोच नाही. सकाळी कार्यकर्ते म्हणाले, तू 'साहित्य आणि चळवळ' यावर बोल. नाही बोलणार. त्या विषयावर बोलणारे पैशाला पासरी आहेत. काल चुकवलेली पाळी आज भरून काढतो. आमच्याकडे अर्धी पाळी बुडवली तर मुकादम अख्ख्या दिवसाचे पैसे कापतो, तुम्ही तेवढे कडक नसाल.

तर पहिली गोष्ट. मला पोहता येत नाही. इंदिरा गोदीत चार वर्षं काढली, पण जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत जे काळं पाणी हलत असतं ना, त्याकडे मी बघत नाही. टोळीत हे कुणाला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

दुसरी. मला गोधडी शिवता येते. आईनं शिकवलं. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे, बाहेरून आत धावदोरा घालत यायचं. दिवसभर हूक धरून तळहात असा झालाय की सुई टोचली तरी कळत नाही, त्यामुळे माझं काम आईपेक्षा जलद होतं. कविता पाठ म्हणताना मला भीती वाटते, गोधडी शिवताना वाटत नाही.

तिसरी ऐका, ही मजेची आहे. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे जवान त्यात मेले, गोदीतली माणसं मेली, आजूबाजूची वस्ती जळाली. म्हणून दरवर्षी १४ एप्रिलला बंबवाले त्यांना मानवंदना देतात. मला हे काय माहीत! आम्ही भायखळ्याला राहायचो. लहानपणी मला पक्कं वाटायचं की ते लाल बंब आणि कडक गणवेशातली माणसं बाबासाहेबांच्या जयंतीसाठीच रांगेत उभी राहतात. शाळेत एका पोराला मी तसं छाती फुगवून सांगितलंसुद्धा. खरं कळलं ते गोदीत कामाला लागल्यावर, एका म्हाताऱ्या हमालाकडून. दोन दिवस मी नाराज होतो. त्या म्हाताऱ्याला सोन्याच्या विटांची गोष्ट तोंडपाठ होती. मी विचारलं, आपले हमाल किती गेले? तर म्हणाला, ते कोण सांगतो बाबा.

आता मला सांगा, या गोष्टी मी कवितेत का लिहीत नाही? मागे एका साहित्यिक मंडळींच्या बैठकीत मला बोलावलं होतं. नाव कशाला घ्या. ओळख करून देताना म्हणाले, "हे गोदीत हमाली करणारे दलित कवी." मी गोधडीची कविता वाचली. सभागृह थंड. मग एक पांढरपेशे गृहस्थ उठले, म्हणाले, "तुमच्याकडून आम्हाला धगधगतं काहीतरी हवंय." म्हणजे जखम दाखव. ज्यानं त्यानं आपापली आवडनिवड सांगावी आणि आम्ही फक्त पाठीवरचे वळ? बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं, हे त्या गृहस्थांना सांगितलं असतं तर त्यांना चटका बसला असता.

पण त्यांच्यावर सगळं ढकलून मी सुटत नाही. काल मी पळालो ते त्यांच्यामुळे नव्हे.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुमच्यापैकी कितीजणांनी वाचलंय? १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं गेलं. पानं थोडीच आहेत. १९०१ ची गोष्ट. नऊ वर्षांचं पोर, भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून बापाला भेटायला निघालेलं. नवे कपडे, जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर मायेनं चौकशी करतो, कोण रे पोरांनो तुम्ही? आणि पोर सरळ सांगून टाकतं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला. मग गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं असं ठरलं. स्वतःबद्दलची एवढीशी माहिती! नऊ वर्षांच्या पोरानं विचार न करता दिलेली. मी ते वाचलं तेव्हा मला अंगावर काटा वगैरे आला नाही. मला शरम वाटली. कारण मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि विचार करून खोटं बोललो होतो.

दादरकडे एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईनं चहा दिला, बशीत बिस्किटं दिली. बाई चांगली होती, उगाच वाईट का म्हणू. तिनं विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "महापालिकेत. हिशेब खात्यात."

माझा बाप गटारात उतरायचा. कंत्राटावर. १९९३ चा कायदा होता, २०१३ चा होता, तरी उतरायचा. न्यायालयानं २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या घरी १० लाख द्या म्हटलं, २०२३ मध्ये ३० लाख म्हटलं. म्हणजे मेल्यावरचा भाव ठरलाय. जिवंत वर आलेल्याला आंघोळीचा साबणही घरचाच.

चहा पिऊन मी आणि मित्र खाली आलो. नाक्यावर झाकण उघडं. बाजूला बाप बसलेला, छातीपर्यंत ओला, विडी पेटवत. त्यानं मला पाहिलं. मित्राला पाहिलं. आणि मान वळवून दोर गुंडाळायला लागला, जणू मी कुणीच नाही. मी पण चालत राहिलो. मित्र नाकाला रुमाल लावून कसल्या तरी सिनेमाबद्दल बोलत होता.

रात्री घरी बापानं विचारलं नाही. आजतागायत विचारलं नाही. जेवताना फक्त म्हणाला, "तुझा दोस्त उंच आहे."

बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या पुस्तकाचं नाव आहे 'जेव्हा मी जात चोरली होती'. मी बाप चोरला. त्यानंतर गटारावर चार कविता लिहिल्या, टाळ्या घेतल्या. त्या कवितांतला बाप सगळ्यांचा आहे. सगळ्यांचा बाप लिहायला सोपा असतो, साला. माझा बाप डाव्या कानानं बहिरा आहे, त्याला रफीची गाणी आवडतात, चहात तो मीठ टाकून पितो. यातलं एक अक्षर माझ्या कवितेत नाही.

संपादक म्हणतायत हे बोलणं अंकात छापू. छापा. बाप अक्षरं जुळवून वाचतो, वेळ लागतो त्याला. अंक मी स्वतः घरी नेईन. आता खोकल्यामुळे तो घरीच असतो.

बस्स. झाली माझी पाळी. तो मागं खांबाला टेकलेला चष्मेवाला कालपण गप्प होता. ये रे, इकडं ये.